लहान वाद्यांचा मोठा आवाज

एखादा मनुष्य तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागला, म्हणजे 'याचे आपले तुणतुणे चालूच आहे' असे आपण म्हणतो. या वाक्प्रचारात तुणतुण्याविषयी आदर मुळीच नाही. एकच तार, एकच सूर, आणि तोही सकाळपासून संध्याकाळपर्यंत न बदलणारा. मग त्याला कोण मान देणार? तथापि याच वाक्प्रचारात एक कबुलीही आहे. तुणतुणे वाजू लागले की ते ऐकू येतेच. ढोलकी घुमत असो, डफ कडाडत असो, झीलकऱ्यांनी 'जी जी'चा सूर लावलेला असो. त्या सगळ्या कल्लोळातून तुणतुण्याची टणत्कारी तार वाट काढून शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत जाऊन पोहोचते. वीतभर उंचीचे भांडे, तळहाताएवढे कातडे आणि एक तार, एवढ्या सामग्रीतून इतका आवाज निघतो तरी कसा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. हा विचार करता करता आपल्याला गिरगावातून लालबाग-परळपर्यंत, मिरजेच्या तंबोऱ्यापासून अमेरिकेतल्या गिटारीपर्यंत आणि शेवटी स्वतःच्या कानापर्यंत जावे लागेल.

प्रथम वाद्याची रचना पाहू. लाकडाचे, क्वचित पत्र्याचे, नळकांड्यासारखे पोकळ भांडे घ्यावयाचे. त्याचे वरचे तोंड उघडे असते आणि खालच्या तोंडावर पातळ कातडे ताणून बसविलेले असते. हे तोंड साधारण पाच-सहा इंचांचे. भांड्याच्या बाहेरच्या अंगाला दोन-अडीच फुटांची एक दांडी ठोकून पक्की करतात आणि तिच्या वरच्या टोकाला एक खुंटी असते. कातड्याच्या मध्यभागी बारीक भोक पाडून त्यातून तार ओवतात. तारेने कातडे फाटू नये म्हणून खालून एक छोटी चकती लावतात. ही तार भांड्याच्या पोकळीतून वर येते आणि खुंटीला गुंडाळली जाते. खुंटी पिळून तार शाहिराच्या सुरात मिळवावयाची, एका हाताने वाद्य धरावयाचे आणि दुसऱ्या हातातल्या काडीने तार छेडावयाची. पडदे नाहीत, घोडी नाही, तरफा नाहीत. गोंधळ्यांच्या संबळाजवळ हे वाद्य असते, तमाशाच्या फडात असते आणि पोवाडा गाणाऱ्या शाहिराच्या मागे तर असतेच असते. देवीच्या जोगत्यांचे चौंडके हे याच कुळातले, आणि बंगालमधील बाऊलांचे गोपीयंत्रही याचे दूरचे नातलग होय.

मुंबईच्या गिरणगावात या वाद्याला जे काम करावे लागले ते ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्या आवाजाचे महत्त्व कळावयाचे नाही. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून आलेली माणसे लालबाग, परळ, काळाचौकी, नायगाव, डिलाइल रोड येथील चाळींत राहत. एका गाळ्यात दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. यांची करमणूक आणि यांचे शिक्षण ही दोन्ही बव्हंशी चाळीच्या चौकात, मैदानात आणि गिरणीच्या दाराशी होत असे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले, तेव्हा त्यांचा श्रोता हाच होता. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, १ मे १९६० रोजी राज्य स्थापन होईपर्यंत, शाहिरांनी हा मुलूख अक्षरशः जागा ठेवला. मोठ्या सभांना ध्वनिक्षेपक असत. परंतु चाळीच्या चौकात किंवा गिरणीच्या फाटकासमोर, पाळी सुटण्याच्या वेळी, विजेची सोय कोठून असणार? तेथे शाहिराचा गळा, डफ आणि तुणतुणे हेच काय ते ध्वनिक्षेपक. अमर शेखांच्या आवाजाची ख्याती अजून सांगितली जाते. पण मोठ्या गळ्यालाही सूर धरून देणारे कोणीतरी लागते. गर्दीत, रहदारीत, उघड्यावर शाहिराला आपला षड्ज ऐकू येत राहिला पाहिजे. तंबोरा तेथे कुचकामाचा. तुणतुणे मात्र कानाजवळही ऐकू येते आणि चौकाच्या टोकालाही.

आता कारणांकडे वळू. पहिली गोष्ट अशी की, नुसत्या तारेला आवाज जवळजवळ नसतो. भिंतीत दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये तार ताणली आणि छेडली, तर ती थरथरताना दिसेल, पण हातभर अंतरावरून ऐकू येणार नाही. ताकाच्या डेऱ्यात सुई फिरविली तर ताक घुसळले जात नाही, त्यासाठी रवी लागते, तसेच हे आहे. बारीक तार हवेतून इकडून तिकडे जाते, हवा तिच्या बाजूने निसटते, ढकलली जात नाही. म्हणून तारेची हालचाल एखाद्या रुंद पृष्ठभागाला द्यावी लागते. सतारीची तबकडी, सारंगीचे कातडे, गिटारीची पट्टी या सगळ्या म्हणजे हवा घुसळणाऱ्या रव्या होत. वाद्याचे पोट आवाज 'वाढविते' असे आपण बोलतो; पण काटेकोरपणे पाहिले तर पोट स्वतः काहीच निर्माण करीत नाही. बोटाने तारेला जेवढी शक्ती दिली तेवढीच काय ती पुंजी. तिचा खर्च कसा करावयाचा, एवढेच वाद्याच्या बांधणीवर अवलंबून असते.

आणि येथेच पहिले रहस्य उलगडते. समजा दोघा कामगारांना सारखाच पगार मिळाला. एकाने तो महिनाभर पुरवून पुरवून वापरला. दुसऱ्याने पगाराच्याच रात्री उडविला. मिळकत एकच, परंतु वस्तीत बोलबाला होतो तो दुसऱ्याचा. जाड, जड लाकडी तबकडी तारेकडून शक्ती हळूहळू घेते. आवाज मंद पण दीर्घकाळ टिकणारा असतो. पातळ, हलके, घट्ट ताणलेले कातडे ती शक्ती चटकन घेऊन हवेला देऊन टाकते. आवाज मोठा पण क्षणभराचा. तुणतुण्याचा सूर 'तुण्' असा येतो आणि विरतो. म्हणून वादकाला तो एकसारखा छेडत राहावे लागते. या वाद्याला आपण एका सुराचे वाद्य म्हणून हिणवतो खरे, पण हाताला उसंत न देण्याची ही सक्तीच त्याला लयीचे वाद्य बनविते. पोवाड्याची चाल जी पुढे ढकलली जाते ती निम्मी डफाने आणि निम्मी या काडीच्या फटकाऱ्यांनी.

दुसरे कारण आकारमानाचे. आवाजाची लाट हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाते. सेकंदाला १०० कंपने असलेल्या खर्जाच्या सुराची एक लाट म्हणून ३.४ मीटर लांब असते, म्हणजे चाळीतल्या एका खोलीएवढी. सेकंदाला ३,००० कंपने असलेल्या स्वराची लाट अवघी ११ सेंटिमीटर, म्हणजे तुणतुण्याच्या तोंडाहूनही थोडी आखूड. जो पृष्ठभाग लाटेच्या मानाने फार लहान असतो तो ती लाट नीट उठवू शकत नाही; हवा त्याच्या कडेवरून मागे घसरते. म्हणून लहान वाद्याला खर्ज साधत नाही, हे अगदी खरे. परंतु उंच स्वरांच्या बाबतीत तेच पाच-सहा इंचांचे कातडे पुरेसे मोठे ठरते. भांड्याचा उपयोगही येथेच होतो. उघड्यावर नुसते कातडे हलले तर पुढच्या बाजूची हवा दाबली जाते त्याच क्षणी मागची विरळ होते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना मारून टाकतात. भांड्याची भिंत या दोन्ही बाजूंना एकमेकांपासून दूर ठेवते. शिवाय एका बाजूने बंद असलेल्या वीतभर नळकांड्यातली हवा, ढोबळ हिशेबाने, सेकंदाला साडेतीनशे ते चारशे कंपनांच्या आसपास स्वतःहून साथ देते. चढ्या पट्टीत गाणाऱ्या शाहिराचा गळा याच टापूत फिरत असतो.

तिसरे कारण वाद्यात नसून आपल्या कानात आहे. मनुष्याचा कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. सेकंदाला ३,००० ते ४,००० कंपनांच्या भागात तो सर्वांत तीक्ष्ण असतो, कारण कानाच्या नळीची लांबी अडीच सेंटिमीटरच्या जवळपास असून तिच्यातली हवा याच भागात साथ देते. सेकंदाला १०० कंपनांचा सूर जेमतेम ऐकू यावा यासाठी जेवढी शक्ती लागते, तिच्या हजारांशाहूनही कमी शक्तीत ३,००० कंपनांचा सूर ऐकू येतो. तान्ह्या मुलाचे रडणे, फेरीवाल्याची आरोळी, पोलिसाची शिटी या सगळ्यांना कानाच्या या पक्षपाताचा लाभ मिळतो. धातूच्या तारेला काडीने आघात केला म्हणजे मूळ सुराबरोबर त्याच्या पटीतले पुष्कळसे वरचे स्वर उठतात आणि पातळ कातडे ते विनातक्रार बाहेर पाठविते. तेव्हा तुणतुणे शक्तीने ढोलकीशी स्पर्धा करीत नाही. ढोलकी जेथे गर्दी करीत नाही अशा मोकळ्या वाटेने ते जाते, आणि ती वाट थेट कानाच्या सर्वांत जाग्या जागी उतरते.

चौथे कारण सर्वांत चमत्कारिक आहे आणि त्याचा संबंध एका थोर भारतीयाशी आहे. सतार, सारंगी, व्हायोलिन यांच्यात तारा तबकडीवरून आडव्या जातात आणि घोडीच्या द्वारे तिला हलवतात. तुणतुण्यात तार कातड्यातून जवळजवळ सरळ उभी निघते. ही तार उजवीकडे झुकली की किंचित ताणली जाते आणि कातड्याला वर ओढते. ती मध्यावर आली की ओढ कमी होते. ती डावीकडे गेली की पुन्हा ताणली जाते आणि पुन्हा ओढते. म्हणजे तारेची एक पूर्ण फेरी होईपर्यंत कातड्याला दोन हिसके बसतात! परिणामी कातड्यातून तारेच्या स्वतःच्या सुराबरोबरच त्याच्या दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर जोराने उमटतो. दांडी भांड्याच्या एका अंगाला असल्याने तार किंचित तिरपी असते, म्हणून मूळ सूरही कातड्यापर्यंत पोहोचतो आणि दोन्ही एकत्र वाजतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 'एकतारा' या वाद्यावरच एक लेख १९०९ साली प्रसिद्ध केला. त्या वेळी ते विशीत होते आणि सरकारी हिशेब खात्यात नोकरी करीत होते. पुढे १९३० साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले त्या शास्त्रज्ञाला आपल्या उमेदवारीच्या काळात दारोदार फिरणाऱ्या गोसाव्याचे वाद्य अभ्यासाला योग्य वाटले, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते.

याच रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा विचार केला. तंबोरा म्हणजे तुणतुण्याच्या अगदी उलट टोक. मिरजेचे कारागीर ज्या भोपळ्यापासून तंबोरा करतात तो दोन्ही हातांच्या कवेत मावेल न मावेल एवढा असतो. या मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढ्या मोठ्या देहाचा आवाज किती? बाजूच्या खोलीत पंखा लावला तर हरवावा एवढा. परंतु त्यात न्यून काहीच नाही. तंबोऱ्याची रचनाच मुळी पुंजी पुरवून वापरण्यासाठी केलेली आहे. रुंद घोडीवर जव्हारी साधून आणि तारेखाली जीवाचा दोरा सरकवून त्या एका आघातातून स्वरांचा जो दीर्घ, हलता पट विणला जातो, तो बैठकीतल्या शांततेत ऐकावयाचा असतो. तेव्हा मोठा देह म्हणजे मोठा आवाज हे समीकरण मुळातच चूक आहे. देहाने सुराची खोली ठरते. आवाज किती लांब जाणार हे ठरते हलकेपणाने, ताणाने आणि स्वराच्या उंचीने.

हाच धडा पाश्चात्त्यांना गिटारीच्या निमित्ताने गिरवावा लागला. गिटार ही मुंबईला परकी नाही. धोबीतलावच्या परिसरात गोव्यातील निरनिराळ्या गावांच्या लोकांनी चालविलेल्या 'कुडां'मधून राहणारे वादक कित्येक पिढ्या हे वाद्य हाताळीत आले. फुर्तादोंचे वाद्यांचे दुकानही तेथलेच. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा जाझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्या काळापासून मुंबईत जाझचा शौक वाढला. पण ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या शेजारी बसलेल्या गिटारवाल्याची अवस्था लग्नातल्या वऱ्हाडात हरवलेल्या मुलासारखी होई. तो हात मारताना दिसे; ऐकू मात्र येत नसे.

यावर प्रथम सुचलेला उपाय म्हणजे गिटारीचे पोट वाढविणे. एकोणिसाव्या शतकातील गिटारी बहुधा लहान चणीच्या, खालच्या अंगाला १२-१३ इंच रुंद असत. अमेरिकेतील मार्टिन या कारखान्याने १९३१ पासून आपल्या नावाने जी मोठी गिटार बाजारात आणली ती जवळजवळ १६ इंच रुंद होती. तिने खर्ज भरपूर दिला. तरीसुद्धा जुन्या लहान गिटारी ज्यांनी हाताळल्या आहेत ते सांगतात की, त्यांचा आवाज अपेक्षेहून फार मोठा लागतो. आता आपल्याला यात आश्चर्य वाटू नये. पट्टी लहान असली की ती मुळातच अधिक ताठ असते; म्हणून ती पातळ ठेवता येते. पातळ म्हणजे हलकी, आणि हलकी म्हणजे तारेला चटकन प्रतिसाद देणारी. तिचे स्वतःचे कंपन मध्यम व उंच स्वरांकडे झुकलेले असते आणि कान तेथेच टवकारलेला असतो. पट्टीखाली आडव्यातिडव्या फुलीसारख्या पातळ काठ्या चिकटवून तिला कमी वजनात बळकटी देण्याची युक्ती मार्टिन यांनी १८४० च्या दशकातच योजली होती. स्पेनमधील थोर कारागीर आंतोनिओ दे तोरेस याने तर १८६२ साली एक गिटार अशी केली की, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. लाकडाची होती ती फक्त दर्शनी पट्टी. गिटारीचा आवाज प्रामुख्याने या पट्टीवर अवलंबून आहे, हे त्याला सिद्ध करावयाचे होते.

सर्वांत धीट उपाय १९२७ साली जॉन डोपेरा या स्लोव्हाकियातून अमेरिकेत गेलेल्या कारागिराने केला. त्याने गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमच्या अतिशय पातळ पत्र्याचे तीन शंकू बसविले आणि घोडीचा भार त्यांच्यावर दिला. तारेने हलवावयाचे ते लाकूड नव्हे, तर हा हलका, ताठ पत्रा. विजेशिवाय गिटारीचा आवाज एकदम वाढला. थोडा विचार केला तर ध्यानात येईल की, हे तुणतुण्याचेच तत्त्व आहे: जड पोट सोडून द्या, हलका पडदा धरा. कातड्याच्या जागी पत्रा आला एवढेच. मात्र ज्या जॉर्ज बोशां या वादकाच्या मागणीवरून हे वाद्य तयार झाले, त्यानेच १९३१-३२ च्या सुमारास विजेच्या गिटारीच्या निर्मितीत पुढाकार घेतला आणि पोटाचा प्रश्नच मिटविला. विजेची मदत घेतली की पोट असले काय आणि नसले काय, सारखेच.

आपल्याकडे हा प्रवास लालबागच्या गणेशोत्सवात घडलेला दिसतो. ज्याला मुंबईत 'बेंजो' म्हणतात ते वाद्य मुळात जपानी. १९१२ साली नागोया येथील गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेली एक लहान तारांची पेटी तयार केली, ती भारतात आली आणि 'बुलबुलतरंग' झाली. दोन हात लांबीचीही नसलेली ही पेटी, पोलादी तारांमुळे खणखणीत वाजणारी. मिरवणुकीत ताशा-ढोलांच्या शेजारी ती आली आणि तिला ध्वनिवर्धक जोडला गेला. आज बेंजो पार्टीतल्या त्या पेटीचा मूळ आवाज कसा होता हे ऐकलेली माणसे थोडी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. लहान वाद्याने सर्व काही साधते असे आमचे म्हणणे नाही. तुणतुण्याला खर्ज नाही, स्वरविस्तार नाही, मींड नाही. म्हणूनच शाहिराच्या ताफ्यात कामाची वाटणी असते. डफ आणि ढोलकी छातीत घुमणारा भाग सांभाळतात, गळा अर्थ सांगतो, झीलकरी विसावा देतात, आणि तुणतुणे वरच्या अंगाला सुराची खुंटी धरून ठेवते. शिवाय स्थळाचेही साहाय्य असते. चाळीच्या चौकाच्या चारही बाजूंना भिंती आणि मजल्यामजल्याच्या गॅलऱ्या. मूळ आवाजानंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत भिंतीवरून परत आलेला आवाज कानाला निराळा वाटत नाही. तो मूळ आवाजातच मिसळून त्याला बळ देतो. एवढ्या वेळात आवाज १७ मीटर जातो. तेव्हा जो चौक आठ-दहा मीटर रुंद आहे तो स्वतःच एक मोठे तुणतुणे होय. चाळ बांधणाऱ्याने भाड्याचा हिशेब केला होता. परंतु नाट्यगृह आपोआप उभे राहिले.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तिकडे येऊ. शाहिराचा श्रोता जेथून पाळी संपवून येई ते साचेखाते आठवा. शेकडो साचे, प्रत्येक साच्याचा धोटा इकडून तिकडे आदळणारा. तेथला आवाज १०० डेसिबलच्या आसपास असे. डेसिबलचा हिशेब असा की, दर १० डेसिबलला शक्ती दहापट होते. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही कारखान्यांसाठी घालून दिलेली मर्यादा आहे. तिच्या दहापट शक्तीच्या माऱ्यात विणकर वर्षानुवर्षे उभा राही आणि शेजाऱ्याशी खाणाखुणांनी बोले. अशा माऱ्याने कानाच्या आतल्या सूक्ष्म रोमपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. आणि वैद्यकाचा अनुभव असा की, पहिली हानी होते ती सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपास, म्हणजे नेमकी त्याच जागी जेथे निसर्गाने कानाला सर्वांत तीक्ष्ण केले आहे. स, श, त, थ, फ या व्यंजनांची ओळख पटते ती याच भागातल्या सुरांनी. हा भाग गेला की मनुष्य बहिरा होत नाही; 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' अशी त्याची तक्रार सुरू होते. घरची माणसे म्हणतात, 'यांना हवे तेवढेच ऐकू येते.' १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, साचे भंगारात गेले. परंतु साच्यांनी कानातून जे नेले ते कोणत्याही तडजोडीत परत मिळाले नाही. गोंगाटाने येणारे हे बहिरेपण कायद्यातील व्याधींच्या यादीत आहे, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊकही नसते.

साचे थांबले म्हणून गोंगाट थांबला असे मात्र झाले नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी केली. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत ठेवली. या आकड्यांपुढे आपल्या मिरवणुकांतल्या भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांचे आकडे ठेवून पाहिले, तर गिरणीतली पाळी आपण रस्त्यावर आणली की काय, असे वाटू लागते. त्यातही फरक एवढाच की, विणकर पोटासाठी तो मारा सोसत होता. आपण तो वर्गणी काढून विकत घेतो, आणि मांडीवरच्या मुलालाही त्यात वाटेकरी करतो.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. हजारो माणसांच्या सभेला ध्वनिक्षेपक हवाच. पण तुणतुण्याचा अभ्यास आपल्याला एक व्यवहारी गोष्ट शिकवितो. ऐकू जाण्यासाठी शक्तीच वाढविली पाहिजे असे नाही. कानाला जे हवे ते, जेथे हवे तेथे दिले तर थोडक्यात भागते. शब्द ऐकवावयाचे असतील तर खर्जाची भिंत हटवावी, म्हणजे शब्द आपोआप वर येतात. जेथे श्रोते शे-दोनशे आहेत आणि चौकाला भिंती आहेत, तेथे शाहीर, डफ आणि तुणतुणे यांना आपल्याच बळावर उभे राहू द्यावे. दादर-गिरगावातल्या संस्थांनी आणि लालबाग-परळच्या मंडळांनी वर्षातून एक कार्यक्रम असा करून पाहावा की, ज्यात वीज लागेल ती फक्त दिव्यांना. पहिली दहा मिनिटे श्रोत्यांना चुकल्याचुकल्यासारखे वाटेल. मग खुर्च्या सरकविण्याचा आवाज थांबेल, मुलांना आया गप्प करतील, आणि कान आपले जुने काम पुन्हा करू लागतील.

त्याचबरोबर घरातील जी वृद्ध माणसे गिरणीत काम करीत होती, त्यांच्या कानांची एकदा तपासणी करून घ्यावी. त्यांच्याशी बोलताना मोठ्याने ओरडण्यापेक्षा समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. गेलेली व्यंजने ती ओठांवरून वाचतात. ज्यांनी आपल्यासाठी एवढा गोंगाट सोसला त्यांच्यापर्यंत शब्द पोहोचविणे हे आपलेच काम आहे.